फोनचा पडदा : मोठा कीं लहान?

नवा स्मार्टफोन घ्यावयाचा ठरला म्हणजे शहरांतील बहुतेक घरांत एक वाद हटकून उपस्थित होतो. पडदा चांगला मोठा असावा, असें वडीलधारी मंडळी म्हणतात. फोन मुठींत व खिशांत मावला पाहिजे, असें रोज लोकलनें जाणारीं माणसें म्हणतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे.

या वादाचें उत्तम उदाहरण नवी मुंबईंतच सांपडतें. घणसोली येथील रिलायन्स कॉर्पोरेट पार्कच्या विस्तीर्ण आवारांतून जिओचा कारभार चालतो. या कंपनीनें २०१७ सालीं १,५०० रुपयांच्या अनामतीवर जिओफोन दिला. त्याचा पडदा अवघा २.४ इंचांचा होता. पुढें २०२१ च्या दिवाळींत ५.४५ इंच पडद्याचा जिओफोन नेक्स्ट ६,४९९ रुपयांस बाजारांत आला. आतां लहान पडद्याचे दिवस संपले, असें पुष्कळांस वाटलें असेल. परंतु २०२३ सालीं त्याच कंपनीनें ९९९ रुपयांचा जिओ भारत काढला, आणि त्याचा पडदा १.७७ इंच ठेवला! यूपीआयनें पैसे देण्याची सोय मात्र त्यांतही केली. महाग फोनांच्या बाजारांत याच्या उलट घडलें. ॲपलनें २००७ सालीं ३.५ इंचांपासून आरंभ केला. २०२० व २०२१ सालीं ५.४ इंचांचे ‘मिनी’ फोन काढून पाहिले, पण २०२२ च्या नव्या मालिकेंत ‘मिनी’ला स्थान राहिलें नाहीं.

येथें मापाचा खुलासा करणें अवश्य आहे. पडद्याचे म्हणून जे इंच सांगतात ते लांबीचे नव्हेत व रुंदीचेही नव्हेत. ते कर्णाचे असतात. जिओफोनच्या पडद्याच्या बाजू तीनास चार या प्रमाणांत होत्या. म्हणजे कर्ण २.४ इंच, पण रुंदी १.४४ इंचच. अलीकडील फोन उंच व अरुंद झाल्यामुळें नुसत्या कर्णावरून फसगत होते. २०१४ च्या आयफोन ६ प्लसचा कर्ण ५.५ इंच, आणि २०२२ च्या आयफोन १४ चा ६.१ इंच. तरीही पहिल्याच्या पडद्याची रुंदी सुमारें २.७ इंच भरते, तर दुसऱ्याची अडीच इंचांहून किंचित् अधिक. ओळ किती लांब बसेल हें रुंदीवर ठरतें, आणि फोन मुठींत मावेल कीं नाहीं हेंही बव्हंशीं रुंदीवरच.

मराठी वाचकास आणखी एक अडचण आहे. देवनागरी अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा व रफार येतात, पायाशीं उकार येतो. त्यामुळें ओळीस उंची अधिक लागते. अक्षरें बारीक केलीं कीं अनुस्वार प्रथम दिसेनासा होतो. रोमन लिपीचीं अक्षरें २६. मराठीचे स्वर, व्यंजनें व चिन्हें त्याहून पुष्कळ. तेवढ्याच जागेंत तीं बसवावयाचीं म्हणजे कळा लहान होतात, नाहींतर पान उलटावें लागतें.

उलट पक्षीं, वाशीच्या पुलावरून गाडी जात असतां एक हात वरच्या कडीस गुंतलेला असतो. अशा वेळीं दुसऱ्या हाताचा आंगठा पडद्याच्या पलीकडल्या कोपऱ्यास पोंचला नाहीं, तर फोन निसटण्याचें भय असतें. पूर्वीं पोथी चौरंगावर ठेवून वाचीत, म्हणून ती रुंद असे. प्रवासांत जवळ बाळगावयास गुटका असे. एकानें दुसऱ्याचें काम भागत नसे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. आज बँकेचा निरोप, विजेचें बिल, औषधाची चिठ्ठी हीं सर्व फोनवर येतात. निवृत्तिवेतनासाठीं लागणारा हयातीचा दाखलाही, २०२१ पासून चेहरा दाखवून, फोनवरूनच देतां येतो. १,५०० आणि १५,००० यांतील एक शून्य ज्यास स्वच्छ दिसत नाहीं, त्यास तो फोन दुसऱ्याच्या हातीं द्यावा लागतो; आणि फोनबरोबर खात्याचा गुप्त अंकही जातो. जन्मभर स्वतःचा हिशेब स्वतः ठेवणाऱ्या मनुष्यास ही पराधीनता फार जड जाते.

यास्तव दुकानांत गेल्यावर इंच विचारण्यापूर्वीं दोन परीक्षा कराव्यात. ज्यास फोन वापरावयाचा आहे त्यानेंच तो एका हातांत धरून आंगठा समोरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन पाहावा. नंतर आपणांस सुखानें वाचतां येतील एवढीं मराठी अक्षरें मोठीं करून एक संपूर्ण निरोप वाचावा. एका ओळींत दोनतीनच शब्द मावूं लागले, तर तो पडदा त्या डोळ्यांस अपुरा आहे. दोहोंचा मेळ न बसल्यास, घरीं बसून वाचणाऱ्यानें डोळ्यांचें ऐकावें आणि गाडींत उभें राहणाऱ्यानें हाताचें. एकाच घरांत दोन मापांचे फोन असले, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं.