न केलेल्या अपराधाचे ओझे

लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे तालुक्याचे गाव. या भागात मार्गशीर्ष अमावस्येस ‘येळवस’ साजरी होते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे गजबजतात. भज्जी, उंडे व आंबील यांच्या जेवणासाठी आप्तेष्टांना व मित्रांना शेतावर आग्रहाने बोलावण्यात येते. परंतु ज्या घरात वडील दारूच्या आहारी गेलेले असतात, त्या घरातील मुलास मित्राला बोलावण्याचा धीर होत नाही. ‘वडील कोणत्या अवस्थेत येतील? मित्र काय म्हणेल?’ या विचाराने आमंत्रण ओठांवरच विरते.

दारूने यकृत बिघडते, पैसा जातो, हे सर्वांस ठाऊक असते. घरातील मुलांच्या मनावर होणारा घाव मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आपली किंमत मुलाला प्रथम घरातच कळते. आईवडिलांनी दिलेला शब्द पाळला, त्याची विचारपूस केली, म्हणजे ‘आपण कोणाला तरी हवे आहोत’ हा विश्वास त्याच्या ठायी वाढतो. दारूमुळे घराची ही घडी विस्कटते. सकाळी मायेने बोलणारे वडील सायंकाळी विनाकारण संतापतात. कारण न उमगल्यामुळे मूल ते स्वतःमध्ये शोधू लागते. ‘मी शहाण्यासारखा वागलो असतो, तर वडील प्याले नसते,’ असे त्यास वाटते. मग कोणी अबोल होते, कोणी चिडखोर बनते. कोणी धाकट्या भावंडांचा भार अकालीच खांद्यावर घेते. चित्त थाऱ्यावर नसल्याने अभ्यास मागे पडतो आणि ‘आपल्याला काही येतच नाही’ अशी मुलाची समजूत होते.

ही समजूत खरी नव्हे. दारूचे व्यसन हा एक आजार आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. हा आजार मुलाच्या वागण्याने जडत नाही, आणि तो बरा करणे हे मुलाचे काम नव्हे.

मग अशा घरातील मुलाचे भवितव्य अंधारलेलेच असते काय? संत गाडगे महाराजांचे चरित्र याचे उत्तर देते. त्यांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. त्यांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली मरण पावले. लहानगा डेबूजी आईसह दापुरे येथे मामाच्या आश्रयास गेला. तेथे त्याने गुरे राखली, शेतीची कामे शिकली. आजोळच्या आधाराने आणि कष्टांनी त्याला बळ दिले. पुढे मुलीच्या बारशाच्या वेळी, दारू व मांस वाढण्याचा रिवाज मोडून त्यांनी पंगतीस गोडाचे जेवण घातले. वडिलांचे व्यसन मुलाच्या कपाळी लिहिलेले नसते, हे त्यांनी कृतीने दाखविले. 1956 साली देह ठेवीपर्यंत ते हाती खराटा घेऊन गावे झाडीत आणि कीर्तनांतून दारू सोडण्यास सांगत राहिले.

डेबूजीला आजोळ लाभले. प्रत्येकास ते लाभतेच असे नाही. म्हणून समाजाने इतर आधार उभारले आहेत. व्यसनी माणसांच्या घरांतील किशोरांनी एकत्र बसून आपले मन मोकळे करावे, यासाठी अमेरिकेत 1957 साली ‘अॅलाटीन’ हे मंडळ सुरू झाले. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र स्थापिले. संकटातील मुलांना 1098 या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करून साहाय्य मागता येते.

आजी, काकू, शिक्षक अशा एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्या माणसाजवळ दुःख बोलून दाखविणे म्हणजे घराची बदनामी करणे नव्हे. वर्गमित्रांचेही एक कर्तव्य आहे. कोणाच्या वडिलांच्या व्यसनावरून त्याला चिडवू नये; उलट खेळात, अभ्यासात त्यास आपल्याबरोबर घ्यावे. आपण न केलेल्या अपराधाचे ओझे वाहत होतो, हे एकदा उमगले, म्हणजे तो मुलगाही इतरांसारखीच मान ताठ ठेवून चालू लागतो.