लोखंडी हातोडा

शिरवळ गाव नीरा नदीच्या काठी, पुणे-सातारा रस्त्यावर आहे. या मुलखात कुस्ती कोणाला ठाऊक नाही? पोरगा तालमीत उतरला की त्याला वस्ताद लागतो. वस्ताद स्वतः एके काळी त्याच मातीत लोळलेला असतो. व्हॉलीबॉललाही असा वस्ताद लागतो. त्याला प्रशिक्षक म्हणतात. आज आम्ही तुम्हांला एका वस्ताद बाईची हकिगत सांगणार आहोत. बाई चीन देशातली. नाव लांग पिंग.

आधी खेळ समजून घेऊ. मध्ये जाळी. दोन्ही बाजूंना सहा-सहा गडी. चेंडू जमिनीवर पडू द्यायचा नाही, धरायचाही नाही. फार तर तीन वेळा हात लावून तो जाळीपलीकडे घालवायचा. एकाच गड्याने लागोपाठ दोनदा मारायचा नाही. एक जण चेंडू उचलतो, दुसरा वर चढवतो, तिसरा उडी मारून हाणतो. म्हणजे बघा, एकटा गडी कितीही तगडा असो, त्याचे काही चालत नाही. हा खेळ १८९५ साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने काढला.

लांग पिंग १९६० साली जन्मली. उंची सहा फूट. तिचा फटका असा बसे की लोक तिला 'लोखंडी हातोडा' म्हणू लागले. १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सामने झाले. तिथे चीनच्या बायकांनी अमेरिकेला हरवून सोन्याचे पदक घेतले. लांग पिंग त्या संघात होती.

पुढे खेळणे थांबले. ती अमेरिकेला गेली, तिथे शिकली, शिकवूही लागली. १९९५ साली ती परत येऊन चीनच्या संघाची प्रशिक्षक झाली. दुसऱ्याच वर्षी संघाला चांदीचे पदक मिळाले. पण तब्येत साथ देईना. तिने काम सोडले.

मग २००५ साली तिने अमेरिकेच्या संघाचे काम घेतले. तिची मुलगी अमेरिकेत होती. तिच्याजवळ राहता येईल, हा विचार त्यात होता. चीनमध्ये काहींना हे रुचले नाही. आणि २००८ चे ऑलिंपिक नेमके चीनमध्येच, बीजिंगला भरले! शहर आपले, माणसे आपली, अन् संघ मात्र परका. अमेरिकेने चीनला तीन डाव विरुद्ध दोन असे हरवले. शेवटी अमेरिकेला चांदी मिळाली, चीनला काशाचे पदक.

तुम्ही म्हणाल, ही तर फितुरी झाली. आम्हांला तसे वाटत नाही. आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांचेच घ्या. त्यांनी वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकवली. मग इराण देशाने त्यांना बोलावले. त्या तिथली भाषा शिकल्या, मुलींकडून योगासने, प्राणायाम करून घेतला. २०१८ साली जकार्ताला आशियाई खेळांत शेवटचा सामना भारत आणि इराण यांच्यातच पडला. इराणच्या मुली २७-२४ ने जिंकल्या. शिकवायला घेतले की मन लावून शिकवायचे. हातचे राखून शिकवणारा वस्ताद कोणाला हवा असतो?

लांग पिंग २०१३ साली पुन्हा चीनच्या संघाकडे आली. तिने नव्या मुली निवडल्या. २०१६ साली ब्राझील देशात रिओला ऑलिंपिक झाले. गटातल्या पाच सामन्यांपैकी तीन चीन हरला. पुढे गाठ पडली ती खुद्द ब्राझीलशी. मैदान त्यांचे, आरडाओरडाही त्यांचाच. पहिला डाव गेला. पण चीनने सामना जिंकला. शेवटी सर्बियाला हरवून सोने घेतले. खेळाडू म्हणून सोने आणि प्रशिक्षक म्हणूनही सोने, असे व्हॉलीबॉलमध्ये तिच्याआधी कोणालाच जमले नव्हते.

नंतर २०२१ साली टोकियोला तिचा संघ गटातच बाद झाला. पहिले तिन्ही सामने गेले होते. तिथून लांग पिंगने प्रशिक्षकाचे काम सोडले.