अठ्ठावीस दिवसांचा महिना

मैत्रिणींनो, तुमच्या घरचा महिना किती दिवसांचा असतो? दूधवाल्याचा हिशेब, घरभाडं, भिशीचा हप्ता, सगळं कसं तारखेला तारीख धरून चालतं. पण मोबाइल कंपनीचा महिना मात्र अठ्ठावीस दिवसांचा! वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. हा तेरावा महिना आपल्या लक्षातच येत नाही. माझ्याही आला नव्हता. आला तेव्हा फार उशीर झाला होता.

मी वसमतला राहते. आई-बाबा कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्यात. भाऊ पुण्याला. आईकडे साधा बटणाचा फोन. हिरवं बटण दाबायचं आणि बोलायचं, लाल दाबलं की संपलं, एवढंच तिला येतं. रिचार्ज मारायचं काम माझ्याकडे.

२०२४ च्या मार्चमधली गोष्ट. तिच्या फोनची मुदत संपत आली होती म्हणून मी संध्याकाळी माझ्या मोबाइलवरून रिचार्ज केला. पैसे खात्यातून गेले. झालं काम, म्हणून मी स्वयंपाकाला लागले. रात्री दीडच्या सुमारास बाबा न्हाणीघरात घसरून पडले. उठता येईना. आईने मला फोन लावला, भावाला लावला. लागेच ना. पैसे गेले होते, पण रिचार्ज पोचलाच नव्हता!

ते दिवस हळद शिजवायचे. शेजारचे गडीमाणसं शेतात कढईपाशी मुक्कामाला. माझी पासष्ट वर्षांची आई हातात बॅटरी घेऊन अंधारात शेतापर्यंत चालत गेली आणि माणसं बोलावून आणली. बाबा दवाखान्यात पोचेपर्यंत पहाट झाली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालतात. पण दोन-अडीच तास ते थंड फरशीवर पडून होते, हे मला अजून विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "पोरी, मह्या फोनात ती बाईच बोलत होती. म्या तिला लई सांगितलं, मह्या लेकीला लावून दे म्हणून. ती आपलं तेच तेच बोलती." मला हसावं की रडावं कळेना.

मग मी कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा. दहा मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगा बोलला, "मॅडम, रिचार्ज सक्सेसफुल दिसतोय." दोनदा हेच उत्तर. तिसऱ्यांदा मी तक्रार क्रमांक मागितला. तो मागायचा असतो, हे मला गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं. २०१२ च्या नियमाप्रमाणे प्रत्येक तक्रारीला कंपनीने क्रमांक द्यायलाच हवा. क्रमांक नसेल तर आपण बोललो याला पुरावा काय? तक्रारीचा निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील विभागाकडे तीस दिवसांत दाद मागता येते. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यांना एकोणचाळीस दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मी खात्याचा उतारा जोडून अपील केलं. पैसे परत आले. रक्कम चहा-साखरेएवढी, पण मला लाखाची वाटली.

ही हकिकत मी भिशीत सांगितली आणि जणू बांधच फुटला. एकीच्या घरात रेंज नाही, बोलायला गच्चीवर जावं लागतं. एकीला ऐन दुपारी कर्जवाल्यांचे फोन. एकीने कधी न मागितलेल्या गाण्याचे पैसे भरले होते. सगळ्यांची तक्रार होती, पण तक्रार केलेली एकही नव्हती! "वीस-पन्नास रुपयांसाठी कोण मागं लागतंय बाई," हेच प्रत्येकीचं म्हणणं. आपण भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. इथे मात्र गप्प का?

गप्प न बसलेला एक ग्राहक अहमदाबादचा होता. एरवी साडेपाचशेच्या आसपास येणारं बिल २०१३ च्या अखेरीस एकदम साडेचोवीस हजारांवर गेलं. तो ग्राहक मंचात गेला. कंपनी म्हणाली, टेलिफोनचा वाद मंचात चालतच नाही. २००९ च्या एका निकालाचा तिला आधार होता. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला निकाल लागला, की मोबाइलचा ग्राहकही ग्राहक आयोगात दाद मागू शकतो. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं. नको असलेले जाहिरातीचे फोन बंद करायला १९०९ आहे. आणि फारच कंटाळा आला, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. आईच्या बटणाच्या फोनला मी इतकी वर्षं रोज दीड जीबी नेटचे पैसे भरत होते! ज्या फोनात नेट चालतच नाही त्याला नेट. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्राय या नियामक संस्थेने कंपन्यांना सांगितलं, की फक्त बोलणं आणि मेसेज एवढंच देणारं रिचार्जही ठेवा. त्याची मुदत वर्षभरापर्यंत असू शकते. २०२२ मध्येच तीस दिवसांचं आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारं रिचार्ज ठेवायला त्यांनी सांगितलं होतं. पण दुकानात आपण विचारत नाही आणि दुकानदार आपणहून सांगत नाही.

आता आईचा फोन नुसत्या बोलण्याच्या रिचार्जवर आहे. मुदत संपायची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी. आणि रिचार्ज मारला, की लगेच तिच्याकडून एक फोन करवून घेते.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "लागला का गं?"

म्हटलं, "लागला."

"मग ठेव. उगं पैसे जातील."

आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत, हे तिला कितीदा सांगितलंय. पण तिने हिरवं बटण दाबलं आणि तिकडून मी बोलले, एवढ्यानेच माझी रात्र सुखाची जाते.