झेंडूवरील फुलकिडे : ओळखा आणि नोंद ठेवा

दसऱ्यासाठी लावलेल्या झेंडूची पाने पावसाने ताण दिला की चंदेरी, भुरकट दिसू लागतात. पुष्कळ जण त्यास लाल कोळी समजून कोळीनाशक फवारतात. औषध वाया जाते, पाने मात्र तशीच राहतात. म्हणून पंपाला हात लावण्यापूर्वी भिंग हाती घ्यावे. कोळ्याला आठ पाय असतात व प्रादुर्भाव वाढल्यावर जाळी दिसते. फुलकिड्याला सहा पाय असतात, जाळी नसते, मात्र पानावर विष्ठेचे बारीक काळे ठिपके दिसतात.

सगळे फुलकिडे सारखे नसतात. फुलात मिळणारा काळाभोर, नळीसारख्या शेपटाचा कीडा वेगळ्या गटातला असतो. झेंडूची पाने खरवडून रस शोषणारी एक खास जात आहे. तिचे शास्त्रीय नाव निओहायडॅटोथ्रिप्स समयुंकुर. कुडो या जपानी शास्त्रज्ञाने १९९५ साली तिचे वर्णन केले, पण झेंडूचे मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका असल्याने तीही तिकडचीच असावी, असे मानतात. प्रौढ कीडा जेमतेम १ मि.मी. लांब, काळपट तपकिरी असतो. झालरीच्या पंखांवर बुडाजवळ फिकट आडवा पट्टा असतो. पिले फिकट व बिनपंखी असतात. मात्र ही नुसती शंका घेण्यापुरती खूण झाली. जात ठरते ती काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली.

यासाठी नमुना आपणच नीट गोळा करावा. फवारणीआधी, सकाळी, पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. पाने व फुले वेगवेगळी झटकावीत, एकाच बाटलीत कालवू नयेत. पडलेले कीडे ओल्या ब्रशच्या टोकाने उचलून बाटलीतील स्पिरिटमध्ये टाकावेत. रेक्टिफाइड स्पिरिट असल्यास ७ भागांत ३ भाग पाणी मिसळावे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि मग नमुना कोणत्या शेतातला हे सांगता येत नाही.

चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, झेंडूचा वाण व नमुना पानावरचा की फुलातला, एवढे लिहावे. लागवडीची तारीख, आधीच्या फवारण्या आणि शेजारची पिके वहीत टिपावीत. १० झाडे निवडून प्रत्येकाच्या ३ पानांवरील कीडे मोजावेत व दर आठवड्याला आकडा लिहावा.

एक गोष्ट विसरू नये. प्रौढ कीडा वाऱ्याने शेजारच्या मिरची-कांद्यातूनही येऊन बसतो. तो झेंडूवर सापडला म्हणजे झेंडू खातोच, असे नाही. मादी अंडी पानाच्या पेशीजालात घालते, म्हणून पानावर पिले मिळाली तर कीड तेथेच वाढते असे समजावे. त्यामुळे बाटलीत पिलेही हवीतच. प्रौढांवरून जात ओळखता येते, पिलांवरून वस्ती कळते.

बाटली जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात द्यावी. सोबत चंदेरी झालेली दोन-चार पाने वर्तमानपत्रात दाबून न्यावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजतात.