गोदीच्या जागी शहर वसविताना

कंटेनरची वाहतूक रूढ झाली आणि जगभरातील जुन्या गोद्या ओस पडू लागल्या. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या मध्यवर्ती भागालगत, एल्ब नदीकाठी, अशीच १५७ हेक्टरची बंदरपट्टी होती. तेथे ‘हाफेनसिटी’ हा नवा शहरभाग वसविण्याची घोषणा १९९७ मध्ये तत्कालीन महापौर हेनिंग फोशेराउ यांनी केली. आराखडा २००० मध्ये मंजूर झाला.

या योजनेचे मर्म इमारतींपेक्षा जमीन विकण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक जमीन शहराच्याच ताब्यात होती. घरांसाठीचा भूखंड केवळ चढ्या बोलीवर न देता चांगली कल्पना मांडणाऱ्यासाठी ठराविक मुदतीपुरता राखून ठेवला जातो. त्या मुदतीत विकासकाने वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, बांधकाम परवाना मिळवायचा, मगच खरेदीखत. दिरंगाई झाली, तर भूखंड परत! तळमजल्यावर दुकाने आणि वर कार्यालये वा घरे ही सरमिसळ कागदावरच राहिली नाही, ती या धाकामुळे.

हा परिसर पूरबंधाऱ्याबाहेर आहे. म्हणून भराव घालून रस्ते व इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे ८ ते ९ मीटर उंचीवर नेल्या. काठावरची पायवाट मात्र खालीच ठेवली. मोठ्या उधाणात ती बुडू दिली जाते.

पैशाचा हिशेब तितका नेटका नाही. ‘एल्बफिलहार्मोनी’ हे संगीतसभागृह २०१७ मध्ये खुले होईपर्यंत त्याचा खर्च ८० कोटी युरोंपलीकडे गेला आणि तो बव्हंशी करदात्यांनी सोसला. सुरुवातीची घरेही धनिकांनाच परवडणारी होती. नव्या निवासी प्रकल्पांत सुमारे एक तृतीयांश घरे अनुदानित असावीत, हा आग्रह पुढे धरला गेला; तोवर पश्चिमेकडील मोक्याचे भूखंड विकले गेले होते.