रानातील छावणी, उपग्रहाचा दुवा आणि विजेची शिदोरी

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. या अनर्थाची वार्ता बाहेरच्या जगाला प्रथम कळली ती नित्याच्या फेरीवर आलेल्या एका एस. टी. चालकामुळे. रस्त्याकडेला नेहमी दिसणारे गाव त्याला दिसले नाही. डोंगरकपारीतील वस्त्यांना संपर्काचे साधन किती मोलाचे असते हे समजण्यास याहून बोलके उदाहरण नको. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळात गोव्याच्या अनेक भागांतील वीज खंडित झाली, तेव्हाही हाच अनुभव आला. वीज गेली की काही वेळाने मोबाईलचे मनोरेही मुके होतात, आणि ज्या घटकेला निरोप धाडणे निकडीचे असते त्याच घटकेला दूरध्वनी हाती असून नसल्यासारखा होतो.

अशा प्रसंगी उपग्रहाद्वारे मिळणारी इंटरनेट सेवा हा एक भक्कम आधार ठरू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये टोंगा या बेटराष्ट्राजवळ ज्वालामुखीचा उद्रेक होऊन समुद्रतळाची तार तुटली, त्या वेळी त्या देशाचा जगाशी संपर्क पुन्हा जुळवण्यास उपग्रहच उपयोगी पडले. तथापि, उपग्रह आकाशात असला तरी त्याच्याशी बोलणारे उपसाधन जमिनीवर असते आणि त्यास वीज लागते. गिर्यारोहक, निसर्ग अभ्यास शिबिरे भरवणाऱ्या संस्था, सर्वेक्षण पथके आणि मदतकार्य करणारे स्वयंसेवक यांनी ही वीज कशी निवडावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भार किती, हे प्रथम पाहावे

घराच्या छपरावरील दूरदर्शनची तबकडी केवळ संदेश ग्रहण करते. इंटरनेटचे उपसाधन मात्र संदेश ग्रहण करते आणि पाठवतेही. जुन्या पद्धतीचे दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर भासतात. नव्या पद्धतीचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून वेगाने फिरतात आणि काही मिनिटांतच दृष्टिआड होतात. त्यामुळे जमिनीवरील उपसाधनास एका उपग्रहावरून दुसऱ्यावर सतत नजर वळवावी लागते. हे काम त्यातील शेकडो लहान आकाशक विद्युतीय पद्धतीने करतात आणि म्हणूनच ते विजेचे बऱ्यापैकी भोक्ते असते. उदाहरणादाखल, स्टारलिंक सेवेच्या साध्या उपसाधनाचा सरासरी भार ७५ ते १०० वॅट आहे, तर ‘मिनी’ या लहान उपसाधनाचा २५ ते ४० वॅट आहे. छावणीसाठी कोणते उपसाधन निवडावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

वॅट हा विजेच्या वापराचा वेग होय. तो वेग किती तास चालला हे पाहून वॅट-तास काढतात. आपल्या वीज देयकातील एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. पाण्याच्या उपमेने सांगावयाचे तर वॅट म्हणजे नळाची धार आणि वॅट-तास म्हणजे टाकीत साठलेले पाणी. छावणीत टाकी लहान असते. म्हणून धारेकडे लक्ष ठेवावे लागते.

एक हिशेब

समजा, सत्तरीच्या डोंगराळ भागात एखाद्या महाविद्यालयाचे निसर्ग अभ्यास शिबिर दोन दिवस आणि दोन रात्री भरावयाचे आहे. लहान उपसाधन दिवसाकाठी ६ तास, सरासरी ३० वॅटने चालवले तर १८० वॅट-तास लागतील. चार मोबाईल एकेकदा भरण्यास मिळून ६०, एका लॅपटॉपास ६० आणि ५ वॅटचा दिवा ५ तास जाळण्यास २५ वॅट-तास धरू. एका दिवसाची बेरीज ३२५ आणि दोन दिवसांची ६५० झाली.

एवढ्यावर हिशेब संपवणे ही पहिली चूक होय. बॅटरीतून उपसाधनापर्यंत येताना विजेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. साठ्यापैकी शंभरांतील ८५ हाती येतात असे मानल्यास ६५० ला ०.८५ ने भागावे. उत्तर सुमारे ७६५ येते. त्यावर चौथा हिस्सा राखीव ठेवावा. म्हणजे ९५६, व्यवहारात १,००० वॅट-तासांची बॅटरी घ्यावी. हा राखीव हिस्सा चैनीचा नव्हे. शेवटच्या रात्री कोणास सर्पदंश झाला वा ओढ्यास पूर आला, तर त्यावरच उपसाधन आणखी पाच तास चालू शकेल.

आता हेच शिबिर मोठ्या उपसाधनावर आणि चोवीस तास चालवण्याचे ठरवले तर काय होते ते पाहा. ९० वॅटने २४ तासांचे २,१६० वॅट-तास आणि वाया जाणारी वीज धरता एका दिवसास सुमारे २,५४० वॅट-तास लागतील. म्हणजे १,००० वॅट-तासांचा साठा पहिली रात्रही धड काढणार नाही.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. कोणीही वापरत नसताना लहान उपसाधन चालू ठेवल्यास ते सुमारे १५ वॅट घेतच राहते. उरलेल्या १८ तासांत हा आकडा २७० वॅट-तासांवर जातो, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ६ तासांपेक्षाही अधिक. यास्तव संपर्काच्या वेळा ठरवून घ्याव्यात, उदाहरणार्थ सकाळी, दुपारी व रात्री दोन-दोन तास, आणि त्या वेळा गावाकडील मंडळींनाही कळवून ठेवाव्यात.

बॅटरी कोणती?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. मोटारीची शिशाची बॅटरी सर्वत्र मिळते, परंतु ती इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह देण्यास बनवलेली असते. तिला खोलवर रिती केल्यास ती लवकर निकामी होते. घरातील इन्व्हर्टरची बॅटरी या कामास अधिक योग्य आहे. मात्र १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीवर १,२०० वॅट-तास लिहिले असले तरी दीर्घायुष्यासाठी त्यातील निम्मेच वापरावेत, आणि तिचे वजन २५ किलोंच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. डोक्यावरून वाहून नेण्याचे हे ओझे नव्हे.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट ही बॅटरी महाग खरी, पण तेवढ्याच वजनात कितीतरी अधिक वीज देते. ती जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि हजारो वेळा भरता येते. अन्य लिथियम प्रकारांच्या तुलनेत ती तापून पेट घेण्याची शक्यताही कमी असते. १,००० वॅट-तासांची अशी तयार पेटी साधारणतः १० ते १५ किलोंची असते. हिमालयात जाणाऱ्यांनी एक दक्षता घ्यावी: शून्य अंश सेल्सिअसखाली ही बॅटरी भरू नये, भरल्यास तिची कायमची हानी होते.

खिशात मावणाऱ्या पॉवर बँकेवरील मोठा आकडा पाहून फसू नये. २०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा आतील ३.७ व्होल्टच्या घटांचा असतो. गुणाकार केल्यास ते अवघे ७४ वॅट-तास भरतात. यावर लहान उपसाधन जेमतेम दोन तास चालेल, आणि तेही त्या पॉवर बँकेस पुरेसा जोर असेल तरच. ‘मिनी’ उपसाधनास यू.एस.बी. मार्गाने चालवण्यास १०० वॅट क्षमतेची जोडणी लागते. विमानाने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की १०० वॅट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी केवळ हातातील सामानात नेता येते, १०० ते १६० पर्यंतच्या बॅटरीस विमान कंपनीची अनुमती लागते आणि त्याहून मोठी प्रवाशास नेताच येत नाही.

तारेकडे दुर्लक्ष नको

बॅटरीतील वीज एकदिश असते. ती इन्व्हर्टरमधून २३० व्होल्टची करावयाची आणि उपसाधनाच्या अडॅप्टरने पुन्हा एकदिश करावयाची, हा द्राविडी प्राणायाम होय. उपसाधन १२ व्होल्टवर थेट चालत असेल तर तसेच चालवावे. मात्र तेथे तारेची जाडी महत्त्वाची ठरते. १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ५ मीटर अंतरावर नेली, तर जाण्यायेण्याची मिळून १० मीटर होते आणि ५ अँपिअर प्रवाहात सुमारे ०.८६ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. बॅटरीपाशी १२ व्होल्ट असताना उपसाधनास ११.१ च मिळतात, आणि ज्याची किमान मर्यादा १२ आहे ते उपसाधन पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होऊ लागते. दोष उपग्रहाचा समजून मंडळी आकाशाकडे पाहत बसतात. प्रत्यक्षात दोष पायाखालच्या तारेत असतो. २.५ चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास ही घट ०.३५ व्होल्टच्या आत राहते. तार शक्य तितकी आखूड ठेवावी. बॅटरी चढती असेल असे पाहावे.

काही तयार पेट्यांमध्ये भार थोडा असल्यास काही वेळाने वीज आपोआप बंद करण्याची सोय असते. ही सोय आधीच रद्द केली नाही, तर मध्यरात्री संपर्क निष्कारण तुटतो.

साठा पुन्हा कसा भरावा?

शिबिर दोन दिवसांहून अधिक असेल तर सौरपट्टी सोबत असावी. हिवाळ्यातील स्वच्छ दिवशी १०० वॅटची पट्टी आपल्या भागात सुमारे ३५० वॅट-तास देईल असे धरण्यास हरकत नाही. वरील शिबिराची वाया जाणाऱ्या विजेसह दैनिक गरज सुमारे ३८० आहे. म्हणजे एक पट्टी थोडीशी अपुरी आणि दोन पट्ट्या सुखाच्या. पट्टीच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन त्या सावलीच्या मानाने फार अधिक घटते. येथे एक पेच उभा राहतो. तंबूस सावली हवी, तर पट्टीस ऊन आणि उपसाधनास मोकळे आकाश हवे. म्हणून दोन्ही वस्तू माळावर आणि तंबू झाडाखाली, अशी मांडणी करावी.

पावसाळ्यात मात्र सौरपट्टीवर विसंबू नये. ढगाळ दिवशी तिचे उत्पादन निम्म्याहून खाली येते आणि संततधारेत नाममात्र उरते. शिवाय मुसळधार पावसात उपग्रहाचे संदेशही क्षीण होतात. तेव्हा आषाढ-श्रावणात साठा मोठा घ्यावा किंवा वाहनाचा आधार घ्यावा. वाहनातील १२ व्होल्टच्या खोबणीतून, इंजिन चालू असता, तासाभरात सुमारे १०० वॅट-तास मिळतात. पेट्रोलवरील लहान जनित्र मोठ्या मदत केंद्रास उपयुक्त आहे. परंतु ते तंबूत, ओसरीत वा खिडकीलगत कदापि चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो आणि झोपलेल्या माणसास तो जागही येऊ देत नाही.

कायद्याची मर्यादा

भारतात उपग्रह दूरध्वनी अथवा उपग्रह इंटरनेटचे उपसाधन दूरसंचार विभागाच्या अधिकृत परवानगीवाचून बाळगणे व वापरणे हा गुन्हा आहे. विदेशातून आप्तांनी भेट म्हणून आणलेल्या उपसाधनासही हा नियम लागू आहे, आणि तो न जाणता अनेक पर्यटक विमानतळांवर अडचणीत आले आहेत. स्टारलिंक कंपनीस जून २०२५ मध्ये केंद्र शासनाचा परवाना मिळाला. तथापि, कोणतीही सेवा घेण्यापूर्वी परवानाधारक पुरवठादार आपल्या भागात ती देत आहे काय, याची खात्री करून घ्यावी. अभयारण्यात मुक्काम करण्यास वन विभागाची अनुज्ञा स्वतंत्रपणे लागते.

निघण्यापूर्वी

सर्व सिद्धता झाल्यावर एक रंगीत तालीम अवश्य करावी. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात उपसाधन मांडावे, बॅटरी पूर्ण भरावी आणि ठरवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे एक दिवस संपूर्ण यंत्रणा चालवून पाहावी. सायंकाळी बॅटरीत किती साठा उरला हे वहीत टिपून ठेवावे. कागदावरील हिशेब आणि हा आकडा यांत तफावत आढळली तर ती घरीच कळलेली बरी.

ज्या वाटेवर अन्न मिळणार नाही त्या वाटेस निघताना आपले पूर्वज शिदोरी बांधून घेत, आणि ती बांधताना माणसे किती, मुक्काम किती हे मोजून घेत. विजेची शिदोरीही तशीच मोजून बांधावयाची असते. ती नीट मोजली असेल तर अडचणीच्या रात्री डोंगरातून निघालेला निरोप खालच्या गावात पोहोचेल, आणि मदतीस निघालेल्यांना कोठे जावयाचे ते वेळेवर कळेल.