सात इंचांची तूट

ब्रिटनमधली नेहमीची मॉडेल रेल्वे समोरून, रुळांच्या पातळीवर डोळे आणून पाहिली की जाणकाराला काहीतरी खटकतं. इंजिन, डबे, बफर सगळं 1:76 या प्रमाणात बेतलेलं, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला 4 मिलिमीटर. या हिशेबाने 4 फूट साडेआठ इंचांच्या स्टँडर्ड गेजसाठी दोन रुळांमध्ये 18.83 मिलिमीटर अंतर हवं. प्रत्यक्षात असतं साडेसोळा. खऱ्या मापात ते भरतं 4 फूट दीड इंच. रुंद अंगाची गाडी अरुंद पायांवर उभी, आणि मधले सात इंच गायब!

ही तूट शंभर वर्षांची आहे. 1922 च्या सुमारास जर्मनीतल्या बिंग कंपनीची टेबलावर मावणारी रेल्वे बॅसेट-लोक यांनी ब्रिटनमध्ये विकायला आणली. तिचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. युरोप-अमेरिकेत पुढे याच रुळाला साजेसं 1:87 हे प्रमाण रुळलं. त्याला एचओ म्हणतात. पण ब्रिटिश बोगदे आणि पूल तंग, त्यामुळे तिथली इंजिनंही अंगाने लहान. तेव्हाच्या विजेच्या मोटारी 1:87 च्या ब्रिटिश इंजिनात मावेनात. उत्पादकांनी इंजिन थोडं फुगवलं आणि रूळ होता तसाच ठेवला. या सोयीचं नाव ओओ. 1938 मध्ये आलेल्या हॉर्नबी-डब्लोने हीच वाट धरली आणि मग ती मोडणं व्यापाराला परवडणारं राहिलं नाही.

परवडलं ते हौशी माणसांना. ज्यांना सात इंच खुपत होते त्यांनी दुकानातला रूळ बाजूला ठेवला आणि स्वतःचा घालायला घेतला. 1955 मध्ये स्थापन झालेल्या ईएम गेज सोसायटीच्या सभासदांनी रुळांतलं अंतर आधी 18 आणि मग 18.2 मिलिमीटरपर्यंत नेलं. 1960 च्या दशकात आणखी काही हट्टी मंडळींनी 'प्रोटोफोर' नावाची मानकं मांडली: पूर्ण 18.83, चाकांची जाडीसुद्धा प्रमाणात. त्यांच्या रुळावर चाकाच्या कडेसाठी सोडलेली फट पाऊण मिलिमीटरहूनही कमी असते.

हाताने रूळ घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं? सरळ रुळाचं काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. ब्रिटनचा जुना स्लीपर साडेआठ फुटांचा, म्हणून मॉडेलमध्ये तो 34 मिलिमीटरचा कापायचा. साठ फुटांच्या रुळाखाली 24 स्लीपर धरले तर मॉडेलच्या एका मीटरला साधारण 100 स्लीपर लागतात. तयार रुळांवरचे स्लीपर वर्षानुवर्षं एचओच्या मापाचे असत, आखूड आणि दाटीने बसवलेले. हाताने घातलेला रूळ दुरूनही ओळखू येतो तो बरेचदा या अंतरामुळेच. रूळ बसवण्याच्या तऱ्हा अनेक. जो ब्रुक-स्मिथ यांच्या पद्धतीत प्लायवूडच्या स्लीपरला पितळी रिव्हेट ठोकून त्यावर रूळ डाखाने जोडतात. दुसऱ्या पद्धतीत तांब्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या स्लीपर म्हणून वापरतात. मात्र प्रत्येक पट्टीवरचा तांब्याचा थर मध्ये कानशीने तोडावा लागतो, नाहीतर दोन रुळांमध्ये शॉर्ट सर्किट ठरलेलं. तिसऱ्या तऱ्हेत प्लॅस्टिकच्या चिमुकल्या चेअर, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या बैठका, रुळावर ओवून चिकटवतात. या चेअरवर रूळ आवळणारी लाकडी चावीही कोरलेली असते, चावीवाला हातोडीने ठोकत जातो तीच. अमेरिकेत सपाट तळाचे रूळ, म्हणून तिथे लाकडी स्लीपरमध्ये इवलेसे खिळे ठोकतात.

खरी परीक्षा सांध्यात. एका रुळाचे दोन होतात तिथे, मधोमध, दोन रूळ एकमेकांना छेदतात आणि तिथे एक टोकदार नाक तयार होतं. एकास सहाच्या सांध्यात गाडी सहा मिलिमीटर पुढे जाते तेव्हा रूळ एक मिलिमीटर फाकतो. त्या कोनात रुळाचे दोन तुकडे वाइसमध्ये धरून कानशीने घासायचे. टोकाशी उरतो तो कागदाइतका पातळ धातू. घासताना रूळ वाकतो. त्याला अंगठ्याने पुन्हा सरळ करायचं. मग दोन्ही तुकडे डाखाने जोडून टोक किंचित बोथट करायचं, कारण सुईसारखं टोक चाकाला आडवं येतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना वळलेले रूळ येतात. नाक आणि या रुळांमधली फट ईएममध्ये 1 मिलिमीटर, आणि ती राखायला पोलादी पट्टी मध्ये धरून डाख द्यायचा. फट जास्त झाली की चाक तिच्यात आपटतं, कमी झाली की चढतं. तपासायला मीटर लागत नाही. एक सुटा डबा बोटाने हलकेच ढकलायचा. खोट असेल तर ती बोटालाच कळते.

आता यात सोयीही आल्या. टेम्प्लॉट हे मोफत सॉफ्टवेअर हव्या त्या वळणाच्या सांध्याचा पूर्ण मापाचा नकाशा छापून देतं. कॅनडाची फास्ट ट्रॅक्स कंपनी सांध्यांसाठी धातूचे साचे विकते. साच्यातून निघालेला सांधा हाताने घडवलेला म्हणायचा का, यावर हौशी लोक तासन्‌तास भांडू शकतात. म्हणावा, घासणं कुठे चुकतं!

या कामाची उंची पाहायची तर ऑक्सफर्डशायरच्या लाँग विटनम गावातलं पेंडन म्युझियम गाठावं. 1925 मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड यांनी नजरेसमोर पुसट होत चाललेली खेडी मॉडेलमध्ये टिकवायचं ठरवलं. तिथल्या गाड्या 18 मिलिमीटरच्या रुळांवर धावतात. गवताने शाकारलेली घरं पाहायला गर्दी होते, रुळांकडे फार थोडे वाकून बघतात. रूळ चांगला असला की असंच होतं.

आपल्याकडे पुण्यात, कोथरूडला, जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम 1998 पासून मुलाबाळांना खेचतंय. मात्र भोर घाटाचं मॉडेल मापात करायचं कुणी मनावर घेतलं, तर त्याची अडचण ब्रिटिशांहून मोठी. भारतीय ब्रॉडगेज साडेपाच फुटांचं. 1:76 मध्ये बरोबर 22 मिलिमीटर. साडेसोळाच्या रुळावर तूट पडते 1 फूट साडेचार इंचांची! कानस हातात घेण्याला पर्याय उरत नाही. इतकी तयारी नसेल तर सुरुवात बार्शी लाइट रेल्वेपासून करावी. 1897 मध्ये सुरू झालेल्या त्या गाडीचा रूळ अडीच फुटांचा होता. 1:87 मध्ये तो पावणेनऊ मिलिमीटर होतो, आणि नऊ मिलिमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो.